एका टेबलावर सगळे

साताऱ्याहून सांगलीला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या पाट्या दिसतात, त्यांतली माझी सर्वांत लाडकी पाटी म्हणजे 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'. पस्तीस वर्षं मराठी शिकवल्यामुळे पाटी दिसली की ती वाचायची, मनातल्या मनात तिचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि मग अर्थ लावायचा, ही खोड काही जात नाही. या पाटीचा अर्थ मात्र मला अजून लागलेला नाही. फॅमिलीने जेवायचं आणि कर्त्या पुरुषाने बारमध्ये बसायचं, की सगळ्यांनी मिळून बारमध्ये बसायचं? असो.

हे सुचायचं कारण गेल्या दिवाळीत आम्ही सात जण सांगलीत जेवायची जागा शोधत फिरलो. लेक विश्रामबागला राहते. मुलगा बंगळूरहून सहकुटुंब आला होता, तो मला साताऱ्याहून गाडीत घालून तिच्याकडे घेऊन गेला. चार दिवस लेक स्वयंपाकघराच्या बाहेर आली नव्हती, तेव्हा आज तिला सुट्टी आणि सगळ्यांनी बाहेर जेवायचं असं ठरलं. बोलायला सोपं. आता आमचं कुटुंब ऐका. सूनबाई केरळची, ख्रिश्चन, मासे म्हणजे जीव की प्राण. जावई जैन. (सांगली-कोल्हापूरकडचे जैन म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या लोकांना गुजराती व्यापारी आठवतात. इथले बरेचसे जैन पिढ्यानपिढ्या शेती करणारे, आपल्यासारखेच मराठी बोलणारे आहेत.) जावई बाहेर कांदा-लसूण खातात, पण त्यांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, खात नाहीत. बटाटाही नाही, आणि सूर्य मावळल्यावर तर पाण्याशिवाय काही नाही. मोठ्या नातवाला नूडल्स पाहिजेत. धाकटी नात दोन वर्षांची. आणि मी, कवळीवाली. मला भाकरीचा पापुद्रा चालतो, तंदुरी रोटी दिली तर हातात धरून बसावं लागतं.

आता कुणी म्हणेल, हल्ली काय अडचण? मल्टिक्युझिन हॉटेलं पैशाला पासरी झाली आहेत. खरं आहे. महामार्गावर पेठ नाक्याला वळलात की सांगलीपर्यंत मेन्यूकार्डात अख्खा भारत आणि अर्धा चीन. मी ती कार्डं हौसेने वाचते. 'मंच्युरीयन', 'मंचूरिअन', 'मनचुरीयन' असे तीन पाठभेद एकाच पानावर मिळाले आहेत. हा पदार्थ मांचुरियातला नाहीच. कोलकात्याच्या चिनी कुटुंबात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी सत्तरच्या दशकात मुंबईत चिकन मंचुरियन केलं आणि आज ते खेड्यातल्या जत्रेत कोबीचे गोळे होऊन मिळतं. 'शेजवान' हा चीनमधला प्रांत आहे हे तर वाढणाऱ्याला सांगूनही पटत नाही. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी कोल्हापुरात कुणाच्या घरी मी कधी खाल्लेली नाही. ती पंजाबी पदार्थांच्या यादीतच जन्मली असावी. आणि या सगळ्या यादीत आपल्या वाळवा तालुक्याकडचा अख्खा मसूर कुठेतरी कोपऱ्यात असतो, जो गरम रोटीबरोबर या सगळ्यांच्या तोंडात मारेल असा लागतो. मला यात काही वाईट दिसत नाही. माणसं फिरली की पदार्थ फिरतात. आपल्या विटा-खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर गेली आणि यात्रेला गावी येतात तेव्हा त्यांच्या पोरांना इडलीशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. मिरजेत दवाखान्यासाठी बेळगाव-विजापूरकडून येणाऱ्यांमुळे कानडी खानावळीतली ज्वारीची पातळ भाकरी आणि शेंगाचटणी मराठी माणसालाही कधीची ओळखीची झाली आहे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. दीडशे पदार्थ एका कार्डावर छापणं सोपं आहे. सात तऱ्हांची माणसं एका टेबलाभोवती बसवणं, ही खरी हॉटेलवाल्याची परीक्षा. आणि त्यात आपण, माझ्या मते, पुढे जाण्याऐवजी थोडे मागे येतो आहोत.

माझ्या तरुणपणी बाईमाणसाने हॉटेलात जाणं म्हणजे 'फॅमिली रूम'. प्लायवूडचा खण, पुढे पडदा, पडद्याला आधीच्या लोकांच्या तेलकट बोटांचे डाग. आत पंखा नाही. नवरा बरोबर असला तरी आम्ही आतच बसायचं, जणू काही डोसा खाणं हे चारचौघांत करण्याजोगं काम नव्हे. आम्ही तिघी शिक्षिका एकदा पगाराच्या दिवशी धीर करून बाहेरच्या बाकावर बसलो होतो, तर मालकाने स्वतः येऊन हात जोडून आत बसवलं. आता ते खण गेले. उडप्याच्या हॉटेलात बाई एकटी बसून कॉफी पिते आणि कुणी वळून बघत नाही. हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि मला त्याचं फार अप्रूप आहे.

तर त्या संध्याकाळी आम्ही पाच वाजताच बाहेर पडलो, कारण विहीणबाईंचं जेवण सूर्यास्ताच्या आत व्हायला हवं आणि त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधारायला लागतं. पहिल्या ठिकाणी सांगितलं, "किचन सातला सुरू होईल, काकू." दुसरीकडेही तेच. दुपारी तीन ते संध्याकाळी सात माणसाला भूक लागत नाही असा हॉटेलवाल्यांचा समज आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं, दोघांनाही नेमकी तेव्हाच लागते. तिसरं ठिकाण आमच्या लाडक्या पाटीचं निघालं, तिथे दारातूनच परतलो. चौथं नवंकोरं, झुळझुळीत, दारावर मोठ्या अक्षरांत 'शुद्ध शाकाहारी'. किचन चालू होतं. विहीणबाईंची सोय झाली म्हणून सगळ्यांनाच हायसं वाटलं. सूनबाई म्हणाली, "आई, मासे काय, उद्याही खाईन."

बसलो. पाणी आलं. विहीणबाईंनी कांदा-लसणाविना काय मिळेल ते नीट विचारून घेतलं. ऑर्डर द्यायची तेवढ्यात धाकटी रडायला लागली, म्हणून सूनबाईने पिशवीतून तिचा डबा काढला. डब्यात मऊ भात आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं. एक घास भरवला असेल नसेल, व्यवस्थापक आले. आवाज चढवला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. म्हणाले, "मॅडम, अंडं इथे चालणार नाही. डबा बंद करा, नाहीतर बाळाला बाहेर नेऊन भरवा."

सूनबाई काही न बोलता डबा बंद करायला लागली. तिचे कान लाल झाले होते. मुलगा काहीतरी बोलणार, तेवढ्यात विहीणबाई उठल्या. ज्यांच्यासाठी आम्ही ती पाटी शोधत आलो होतो त्याच सर्वांत आधी उठल्या. "लेकराच्या तोंडातला घास काढून घेत्यात व्हय? चला. हितं न्हाई जेवायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. व्यवस्थापकाचं काय चुकलं, हा विचार करत राहिले. स्वयंपाकघर आपलं, नियम आपला. विहीणबाईंसारखी कितीतरी माणसं त्या पाटीच्या भरवशावरच तिथे जेवतात आणि त्यांचा भरवसा मोडू नये हेही खरं. पण भरवसा भांड्यांचा असतो. कढई वेगळी, चमचा वेगळा, इतकं मी समजू शकते. शेजारच्या टेबलावर दोन वर्षांच्या पोरीच्या स्वतःच्या डब्यात काय आहे इथपर्यंत तो नियम पोचला, की मला 'शुद्ध' या शब्दाची भीती वाटायला लागते. शाकाहारी हा शब्द पुरेसा होता. शुद्ध कशाला जोडला? म्हणजे बाकीचे कोण?

हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९०१ सालची गोष्ट आहे. साताऱ्यात शिकणारा दहा वर्षांचा एक मुलगा, त्याचा भाऊ आणि दोन भाचे नवे कपडे घालून खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे निघाले. वडील तिथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनवर मुलांची जात कळली आणि बैलगाडीवाले बसवून घेईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन, गाडी स्वतः हाकायची या अटीवर गाडी मिळाली. बरोबरच्या डब्यात जेवण भरपूर होतं, पण रात्रभर पाणी कुणी दिलं नाही. डबा भरलेला असून पोरं उपाशी झोपली. हा मुलगा म्हणजे डॉ. आंबेडकर. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. शाळेत मी हा प्रसंग सांगत असे, तेव्हा मुलं विचारायची, "बाई, आपल्या मसूरला?" हो, आपल्याच मसूरला.

याच्यावर उतारा शोधणारेही आपल्याच मुलखातले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेत, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची आणि एकत्र जेवायची. ते चालवताना लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा गहाण टाकलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव दिलं. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आला. घटना लिहिणाऱ्यांना चहाच्या दुकानाचं महत्त्व कळत होतं.

आमच्या नातीचा डबा आणि मसूरचं पाणी एकाच तराजूत घालू नका. मीही घालत नाही. आम्ही गाडीत बसून पुढच्या हॉटेलात गेलो, त्या पोरांना पुढचं हॉटेल नव्हतं. मला ते आठवलं, ते दुसऱ्याच एका कारणाने.

१९८१ ची जनगणना. तिच्या कामाला माण तालुक्यातल्या एका गावी आम्ही काही शिक्षक गेलो होतो. दुपारी चहाच्या टपरीवर बसलो. आमच्यासाठी कपबश्या आल्या. आमच्यातले एक सर, माझ्याहून ज्येष्ठ, उत्तम गणित शिकवणारे, ते उठले, टपरीच्या कडेला कोनाड्यात पालथा ठेवलेला कप घेतला, स्वतः विसळला आणि पुढे धरला. टपरीवाल्याने वरून चहा ओतला. कुणी काही बोललं नाही. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा होऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. मी नागरिकशास्त्रही शिकवत होते. माझ्या हातात कपबशी होती आणि मी तो चहा पूर्ण प्यायले. परतताना सर नेहमीसारखे बोलत होते, त्यामुळे मला आणखीच काही बोलता आलं नाही. पुढे ते निवृत्त झाले, निरोपसमारंभात मी भाषण केलं, त्यातही नाही. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या विहीणबाई जितक्या चटकन उठल्या तितकं मला तेव्हा उठता आलं नाही, एवढंच.

हॉटेलवाल्यांना माझं सांगणं फार मोठं नाही. दुपारी निदान अर्धं किचन चालू ठेवा. कार्डावरचे पन्नास पदार्थ कमी करा आणि त्यांच्याऐवजी कांदा-लसणाविना एक भाजी, मऊ भात आणि लेकराला बसायला एक उंच खुर्ची ठेवा. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही देत असाल तर भांडी वेगळी आहेत हे गिऱ्हाईकाला आत नेऊन दाखवा, पण टेबलं वेगळी करू नका. पाटी लावाच, मात्र त्यावर तुमच्या कढईत काय शिजतं तेवढंच लिहा. मद्रासकडे 'ब्राह्मण हॉटेल' या पाट्यांविरुद्ध १९५७ साली पेरियार यांना आंदोलन करावं लागलं होतं. पाट्यांचं पुढे काय होतं हे सांगता येत नाही.

त्या दिवशी आम्ही शेवटी मिरज रस्त्याच्या कडेला एका साध्या हॉटेलात थांबलो. सनमायकाची टेबलं, भिंतीवर गणपती आणि गल्ल्यापाशी मालक कानडीत फोनवर बोलत बसलेले. नातवाला नूडल्स मिळाले नाहीत, तो शेव-पुरीवर तयार झाला. मला इडली. सूनबाईने विचारायच्या आधीच मालकांनी पोरीसाठी वाटी-चमचा पाठवला आणि डब्याकडे बघितलंही नाही. विहीणबाईंनी बाहेरच्या उजेडाचा अंदाज घेतला, दही आणि दोन केळी मागवली, भराभर संपवली आणि मग आम्ही बाकीचे जेवेपर्यंत धाकटीला मांडीवर घेऊन तिचा अंड्याचा भात भरवत बसल्या. हात धुवायला गेल्या तेव्हा मालकांना साबण मागताना मी ऐकलं. सूनबाईने ते ऐकलं की नाही मला माहीत नाही, पण तिने बडीशेपेची वाटी आधी त्यांच्यापुढे सरकवली. त्या म्हणाल्या, "नको बाई, सूर्य गेला."