गुणांच्या बेरजेने प्रयोगशाळा उभी राहत नाही

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत काचेपासून ऑप्टिकल फायबर तयार होतो आणि तिथून जगभर जातो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांतून धावणारा लेसर किरण आणि टोकांना अतिशुद्ध काचेचे आरसे, असा तिचा गाभा. त्याच महिन्यात ६,००३ कोटींची राष्ट्रीय क्वांटम मोहीम मंजूर झाली आणि तिच्या चार केंद्रांपैकी संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आले. तिन्ही कामांना लागते ते फोटॉनिक्स: प्रकाश निर्माण करण्याचे, वाहून नेण्याचे आणि मोजण्याचे शास्त्र. त्यात तरबेज माणसे विद्यापीठांनी घडवायची असतात. ती घडवणारा ज्येष्ठ प्राध्यापक नेमण्याची आपल्या राज्य विद्यापीठांची रीत मात्र मुळातच चुकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीत सगळ्यांच्या परिचयाची आहे. आरक्षणाची बिंदुनामावली तपासून जाहिरात निघते. अर्जदार प्रपत्रात आपले गुण भरतो आणि प्रत्येक गुणाचा पुरावा जोडतो. अर्जाचा गठ्ठा वीतभर जाड होतो. छाननी समिती कागद पडताळते, मग निवड समितीपुढे मुलाखत होते आणि तीही बहुधा पाव तासात आटोपते. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही: या माणसाने आजवर कोणती प्रयोगशाळा उभी केली, आणि ती आज चालू आहे का? माझ्या मते हा पहिला प्रश्न असायला हवा. बाकी सगळे त्यानंतर.

या रीतीचे समर्थक निर्बुद्ध नाहीत. त्यांची बाजू एकेक करून पाहू.

त्यांचा पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा असा की गुणपद्धती निःपक्षपाती आहे. गुण काढून टाकले की वशिला घुसेल, असे ते म्हणतात. ही भीती खोटी नाही. आपल्याकडे गुणपद्धती आली तीच वशिल्याच्या कटू अनुभवातून. पण ती मोजते काय, हे जरा जवळून पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रोफेसर पदासाठी किमान दहा शोधनिबंध आणि १२० संशोधन-गुण लागतात. विज्ञान शाखेत एका शोधनिबंधाला ८ गुण, वर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढ. लेखक दोनपेक्षा जास्त असतील, तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. पीएच.डी. मिळवलेल्या विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १० गुण. पूर्ण झालेला संशोधन प्रकल्प दहा लाखांपेक्षा मोठा असेल, तर त्यालाही १० गुण.

आता प्रायोगिक फोटॉनिक्सचे काम पाहा. एक माणूस फायबर लेसर जुळवतो, दुसरा त्याचे इलेक्ट्रॉनिक्स सांभाळतो, तिसरा मापन करतो, चौथा गणित मांडतो. पाच-सहा जणांच्या निबंधात ज्याने तो प्रयोग शक्य केला, त्याच्या वाट्याला अनेकदा ३० टक्केच येतात. प्रकल्पाच्या रकमेला गुण आहेत. त्या रकमेतून घेतलेले यंत्र आठ वर्षांनंतरही चालू ठेवल्याबद्दल एकही गुण नाही. ज्याच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेले स्पेक्ट्रोमीटर आहेत आणि ज्याच्या प्रयोगशाळेत रात्री दहालाही मुले काम करताहेत, असे दोघेही या तक्त्यात सारखेच दिसू शकतात. एवढे करूनही वशिला थांबला का? २०१८ च्या या नियमांत गुण छाननीपुरते उपयोगी पडतात; अंतिम निवडीच्या वेळी समितीच्या बंद दाराआड मोकळीक असतेच. म्हणजे पद्धतीने खरी गुणवत्ता झाकली आणि वशिल्याचे दार उघडेच ठेवले. वशिल्याला आळा घालायचा तर काम सगळ्यांसमोर तपासले पाहिजे. उमेदवाराचे व्याख्यान विभागातल्या प्रत्येक शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने ऐकावे, त्याला उलटसुलट प्रश्न विचारावेत, आणि निवडीची कारणे विद्यापीठाने लेखी जाहीर करावीत. भर सभेत निकृष्ट माणूस निवडणे हे बंद खोलीत निवडण्यापेक्षा फार अवघड असते.

दुसरा मुद्दा विषयाच्या शिक्क्याचा. पद भौतिकशास्त्राचे आणि पीएच.डी. इलेक्ट्रॉनिक्सची, मग अर्ज बाद. पद इलेक्ट्रॉनिक्सचे आणि पदवी भौतिकशास्त्राची, तरी बाद. नियमावर बोट ठेवून हे केले जाते. प्रत्यक्षात नियमात ‘संबंधित’बरोबर ‘संलग्न’ आणि ‘सुसंगत’ विषयांनाही जागा दिलेली आहे. फोटॉनिक्स तर मुळातच या दोन विभागांच्या सीमेवर वाढलेले शास्त्र आहे. काचेच्या तंतूतून दूरवर संदेश पाठवता येईल, हे चार्ल्स काओ यांनी जॉर्ज हॉकहॅम यांच्यासह १९६६ साली मांडले, तेव्हा ते इंग्लंडमधल्या एका दूरसंचार कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठाने १९७० साली त्यांना इलेक्ट्रॉनिक्सचा विभाग उभारायला बोलावले. त्यांच्या पीएच.डी.ला तेव्हा पाचच वर्षे झाली होती आणि त्यांची कारकीर्द घडली होती ती उद्योगात. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि २००९ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडची छाननी समिती असती, तर त्यांचा अर्ज अध्यापनाच्या दहा वर्षांच्या रकान्यावरच अडला असता. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की आपल्या २०१८ च्या नियमांत उद्योगातून किंवा संशोधन संस्थेतून आलेल्या, ज्ञानात भरीव भर घातलेल्या आणि दहा वर्षे अनुभव असलेल्या पीएच.डी.धारकाला थेट प्रोफेसर नेमण्याचा दुसरा मार्ग स्पष्ट लिहिलेला आहे. फायबरचा कारखाना शहराच्या वेशीवर असलेल्या विद्यापीठाने हा मार्ग वापरायचा नाही, तर कुणी?

तिसरा मुद्दा बड्या नावाचा. परदेशातला नामांकित संशोधक मानद किंवा अभ्यागत प्राध्यापक म्हणून आणला की विभागाचे नाव होईल, असे अनेक कुलगुरूंना वाटते. केंद्राच्या २०१७ च्या ‘वज्र’ योजनेत अशा संशोधकाने वर्षातून एक ते तीन महिने राहावे, अशी तरतूद होती. अशा पाहुण्यांची व्याख्याने मोलाची असतात, त्यांच्या ओळखीने मुलांना बाहेरची दारे उघडतात. पण त्यांनी विभाग उभा राहत नाही, कारण जुलैत बिघडलेला लेसर डिसेंबरमध्ये येणारा पाहुणा दुरुस्त करू शकत नाही. विभाग कशाने उभा राहतो, ते साउथहॅम्प्टन विद्यापीठात दिसते. तिथे १९६० च्या दशकात ॲलेक गॅम्ब्लिंग या प्राध्यापकाने फायबरचे काम सुरू केले आणि तो तिथेच ठाण मांडून बसला. त्याच्या हाताखाली तयार झालेल्या डेव्हिड पेन यांच्या गटाने १९८७ साली एर्बियम मिसळलेल्या फायबरचा प्रवर्धक दाखवला. आज खंडाखंडांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबली त्याच तत्त्वावर चालतात. १९८९ साली तिथे ऑप्टोइलेक्ट्रॉनिक्सचे संशोधन केंद्र झाले, त्याचे पहिले संचालक गॅम्ब्लिंगच. त्याच परंपरेतून निघालेली पोकळ गाभ्याच्या फायबरची लुमेनिसिटी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ साली विकत घेतली. एका नेमणुकीची फळे अर्धशतक मिळत राहिली.

बाथ विद्यापीठाची गोष्ट याहून अधिक शिकण्यासारखी आहे. १९९६ साली बाथने फिलिप रसेल यांना साउथहॅम्प्टनहून आणले, तेव्हा जोनाथन नाइट आणि टिम बर्क्स हे सहकारीही तिकडे गेले. १९९९ साली त्यांच्या गटाने पोकळ गाभ्यातून, म्हणजे हवेतून, प्रकाश नेणारा फायबर ‘सायन्स’मध्ये मांडला. २००५ साली रसेल जर्मनीत एर्लांगेनला गेले. नाइट आणि बर्क्स बाथमध्येच राहिले आणि काम चालू राहिले. ज्येष्ठ माणूस निघून गेल्यावर मागे काय उरते, यावरच त्याच्या नेमणुकीची खरी परीक्षा होते.

चौथा मुद्दा पैशाचा. ‘आधी यंत्रसामग्री येऊ द्या, मग माणूस नेमू’ असे म्हणतात. कधी नेमके उलटे, ‘माणूस येऊ द्या, यंत्रांचे मग बघू’. दोन्ही घातक आहेत. माणसाआधी यंत्र आले, तर ते कुणाच्या कामाचे हे कुणालाच ठाऊक नसते आणि हमीचा काळ खोक्यातच संपतो. यंत्राची हमी न देता माणूस आणला, तर त्याची पहिली तीन-चार वर्षे कोटेशने गोळा करण्यात, खरेदी समितीच्या पायऱ्या झिजवण्यात आणि वातानुकूलन मागण्यात जातात. फोटॉनिक्सच्या प्रयोगशाळेला कंपनांपासून वेगळे केलेले टेबल, धूळ नसलेली खोली, स्थिर तापमान, अखंड वीज आणि कायमस्वरूपी तंत्रज्ञ लागतोच. नेमणूकपत्रात वेतनश्रेणी जशी लिहिलेली असते, तशी खोली, निधी आणि तंत्रज्ञाचे पदही लिहिलेले असले पाहिजे. हे परवडत नसेल, तर विद्यापीठाने ज्येष्ठ पदाची जाहिरातच काढू नये. त्यात निदान प्रामाणिकपणा तरी आहे.

आणि पाचवा, मला सर्वांत जास्त खटकणारा मुद्दा: ‘ज्येष्ठाने संशोधन करावे, शिकवायला तासिका तत्त्वावरची मुले आहेत.’ तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांवर हा अन्याय आहेच, पण या शास्त्राचे स्वरूपही त्यातून समजलेले दिसत नाही. एम.एस्सी.च्या मुलीला लेसरचा किरण सिंगल-मोड फायबरमध्ये घालायचा आहे. फायबरचा गाभा जेमतेम आठ-नऊ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. दोन आरशांचे चार स्क्रू आळीपाळीने, अगदी किंचित फिरवायचे. तासाभराने पॉवर मीटरवर आकडा चढतो आणि ती खूश होते. अनुभवी शिक्षक मीटरकडे पाहतच नाही. तो फायबरच्या दुसऱ्या टोकाशी अवरक्त प्रकाश दाखवणारे कार्ड धरायला सांगतो. कार्डावर स्वच्छ गोल ठिपका नसून विस्कटलेला डाग दिसतो. प्रकाश गाभ्यात गेलेलाच नाही, बाहेरच्या काचेतून वाहतो आहे. ‘आता आकडा विसर आणि ठिपका पाहा’, असे तो सांगतो. त्याआधी त्याने तिला घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायला लावलेली असते, कारण चमकत्या धातूवरून परतलेला न दिसणारा अवरक्त किरण डोळ्याचा पडदा जाळू शकतो. हे पुस्तकातून येत नाही. वर्षानुवर्षे हाताने केलेल्या माणसाकडूनच येते.

पुस्तकातून जे येते, तेही उत्तम शिक्षकांनीच लिहिलेले असते. दिल्लीच्या आयआयटीत अजय घटक आणि के. त्यागराजन यांनी आयुष्यभर वर्गात शिकवले आणि त्यातूनच पाठ्यपुस्तके लिहिली. त्यांचे फायबर ऑप्टिक्सवरचे पुस्तक केंब्रिजने १९९८ साली काढले. आपल्या गुणतक्त्याला त्या पुस्तकावर शिकलेल्या पिढ्या मोजता येत नाहीत.

‘हे सगळे आयआयटीला जमते, राज्य विद्यापीठाला नाही’ हा शेवटचा बचावही टिकत नाही. केरळमधले कोचीन विद्यापीठ हे राज्य विद्यापीठच आहे. तिथल्या भौतिकशास्त्र विभागातल्या लेसर गटातून १९९५ साली इंटरनॅशनल स्कूल ऑफ फोटॉनिक्स उभे राहिले. गिरिजावल्लभन, नंपूरी यांच्यासारखे प्राध्यापक तिथेच राहिले, तिथेच शिकवत राहिले, आणि आज बारावीनंतर थेट फोटॉनिक्सचा पाच वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम तिथे करता येतो. कोचीनला जे साधले, ते संभाजीनगरच्या आणि नांदेडच्या विद्यापीठांना साधणार नाही असे मानणे म्हणजे आपल्याच मुलांना कमी लेखणे आहे.

तेव्हा करायचे काय, तेही नेमके सांगतो. उमेदवाराकडून त्याची उत्तम पाच कामे मागवा आणि समितीने ती प्रत्यक्ष वाचावीत. २०१८ च्या नियमांनी वरिष्ठ प्रोफेसर पदासाठी उत्तम दहा निबंधांची अट घालून हीच वाट दाखवली आहे. त्याने उभारलेली प्रयोगशाळा जाऊन पाहा आणि तिथे शिकलेल्या विद्यार्थ्यांशी बोला. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात आयोगानेही प्रयोगशाळा विकसित करणे हे उल्लेखनीय योगदान मानावे, असे सुचवले आहे. एक व्याख्यान संशोधनावर घ्या आणि एक तास बी.एस्सी.च्या वर्गावर. आरक्षणाच्या बिंदूंना धक्का न लावता, प्रत्येक प्रवर्गासाठी देशभर शोध घ्या. योग्य उमेदवार मिळत नाही असे म्हणण्याआधी त्याच्यापर्यंत जाहिरात पोहोचवा. आणि प्रयोगशाळेची हमी नेमणूकपत्रात लिहा.

कुलगुरूंना आणि निवड समित्यांवर बसणाऱ्या तज्ज्ञांना माझे आवाहन आहे: पुढच्या मुलाखतीत फाइल बाजूला ठेवा आणि उमेदवाराला विचारा, तुम्ही गेल्यावर तुमच्या प्रयोगशाळेत कोण काम करते आहे? या प्रश्नाला ज्याच्याकडे नावानिशी उत्तर असेल, त्यालाच नेमा.