गाडीवरून माणूस

आज पाडवा, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. राज्यभरच्या शोरूमसमोर सकाळपासून हार, नारळ आणि चाकाखाली ठेवायच्या लिंबांची लगबग असेल. डिलिव्हरी पाडव्यालाच हवी म्हणून आठवडाभर आधी तयार झालेली गाडीही लोक आवारात तशीच उभी ठेवतात. मग बॉनेटवर स्वस्तिक, हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली, घरचे सगळे ओळीत, आणि तासाभरात तो फोटो भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथे अभिनंदनाबरोबर निकालही लागतो. थार घेतली? पोरगं हाताबाहेर गेलं. वॅगन आर? नोकरदार माणूस, मायलेजच बघणार. पांढरी फॉर्च्युनर? पुढाऱ्याचा उजवा हात, नाहीतर गुंठामंत्री. जुनी सँट्रो अजून सोडवत नाही? चिकट, किंवा मग पुणेकर. गोव्यात तर मॉडेलही बघावे लागत नाही. काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले, म्हणजे भाड्याने घेतलेली गाडी, की स्थानिक माणूस आपणहून बाजूला होतो.

ही थट्टा कट्ट्यावर आहे तोवर ठीक. ती वर्दीत शिरली की काय होते, ते २०२५ च्या नोव्हेंबरात दिसले. हरियाणाचे तत्कालीन पोलीस महासंचालक ओ. पी. सिंह यांनी थार आणि बुलेट दिसली तर ती सोडायची कशी, उनाड मंडळी हीच वाहने वापरतात, अशा अर्थाचे विधान केले. एका थारमालकाने त्यांना कायदेशीर नोटीस धाडली. रात्रीच्या बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या पोलिसाच्या अनुभवाला काहीच किंमत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या नाशिकला बनणारी ही थार घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्याकडेही असते आणि निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडेही. मॉडेल बघून नाकाबंदी करायची, तर पिऊन हॅचबॅक चालवणारा शांतपणे निघून जाईल. अडवायला कारणे हवीच असतील तर ती काचेवरच दिसतात: काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

पुण्यातही १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले आणि सगळा राग श्रीमंताच्या गाडीवर निघाला. राग रास्तच होता. मात्र त्या गदारोळात एक बारकी गोष्ट मागे पडली. त्या कोट्यवधींच्या गाडीची कायम नोंदणी अवघे १,७५८ रुपये शुल्क न भरल्याने रखडलेली होती. गाडीबद्दल कायद्याला जे वाचायचे असते ते बॉनेटवरच्या बोधचिन्हात नसते, नंबराच्या पाटीवर असते.

आमचा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. गाडीवरून माणूस जोखण्याच्या सवयीमुळे माणसे स्वतःला नको असलेली गाडी घेतात.

नॅनोचेच बघा. १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी ती दाखवली तेव्हा लाखाच्या किमतीने जगाचे डोळे विस्फारले होते. पावसात एका स्कूटरवर दाटीवाटीने बसलेले कुटुंब बघून ही कल्पना सुचल्याचे ते सांगत. २०१८ मध्ये उत्पादन थांबले. सिंगूरहून कारखाना साणंदला न्यावा लागला, काही गाड्यांनी पेट घेतला, ही कारणे खरीच. पण ‘सगळ्यात स्वस्त’ हा शिक्का भोवल्याचे खुद्द टाटांनीच पुढे मान्य केले. स्कूटरवाल्याला कोणी गरीब म्हणत नव्हते. नॅनोवाल्याला मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘लाखाची गाडी’ ऐकून घ्यावे लागे. आणि अखेरच्या वर्षांत टाटा स्वतः नॅनोतून ताजच्या दारात उतरले तेव्हा याच देशाला गहिवरून आले. कारकुनाची नॅनो म्हणजे ऐपत नाही, टाटांची नॅनो म्हणजे साधेपणा! गाडी एकच होती.

लहान गाडीला आपल्याकडे नेहमीच हसत होते असेही नाही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली, तेव्हापासून पुढची पंधरा-वीस वर्षे ती ७९६ सीसीची डबी दारात असणे हे घर वर आल्याचे लक्षण होते. गावात ती डॉक्टरकडे असायची, नाहीतर दोघेही नोकरी करणाऱ्या गुरुजी-बाईंकडे. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तरी आज विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत निम्म्याहून अधिक वाटा एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या गाड्यांचा आहे. पेठेतल्या बोळात आरसे मिटून ही मोठी गाडी आत घ्यावी लागते, सात वर्षांचे हप्ते असतात, पेट्रोलच्या भावामुळे सोमवार ते शुक्रवार साहेब मेट्रोने जातात. पण स्थळ बघायला जाताना, वास्तुशांतीला, गावच्या जत्रेला ती हवी. ज्याच्याकडे नसते तो त्या दिवसापुरती मित्राची मागून नेतो. ऋण काढून सण करणे जुनेच. आता सणाला चाके आली आहेत.

लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधानपदी असताना १२,००० रुपयांची फियाट घेतली. जवळ सातच हजार होते, म्हणून पंजाब नॅशनल बँकेचे पाच हजारांचे कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि उरलेले कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी निवृत्तिवेतनातून फेडले. दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात ती गाडी बघता येते. नुसत्या गाडीकडे बघून शास्त्रीजी कळणार नाहीत. त्यासाठी ते कर्जखाते माहीत असावे लागते. आणि सांगोल्यातून अकरा वेळा आमदार म्हणून निवडून आलेले गणपतराव देशमुख तर एसटीने फिरायचे. त्यांना कोणत्या गाडीवरून ओळखणार?

याउलट, २०२४ च्या वाढीनंतर मुंबई-पुण्यात चारचाकीला ०००१ हा क्रमांक हवा असेल तर सरकारी शुल्क सहा लाख रुपये आहे. तेवढ्यात नवी ऑल्टो दारात येऊन वर पैसे उरतात. सरकारच्या तिजोरीत भर पडते, तेव्हा हौसेला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ८०५५ चे ‘बॉस’ आणि २१४ चे ‘राम’ करून घेणाऱ्या रंगाऱ्यांच्या कलेला. कारण धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर सांगताना साक्षीदाराला आकडे आठवावे लागतात, नक्षी नव्हे.

आज ज्यांच्या दारी गाडी येईल त्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. कंपनीने बसवून दिलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट आहे तशीच राहू द्या. आणि शेजाऱ्याने लहान गाडी आणली असेल तर त्याचा पेढा घ्या, ‘थोडे पैसे घालून मोठीच का नाही घेतली?’ एवढे मात्र विचारू नका.