टेस्टोस्टेरॉनचं वार्षिक पॅकेज: सही करण्याआधी आणि केल्यानंतर

काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. वय ३९, पिंपरी-चिंचवडला नोकरी, एक पाच वर्षांची मुलगी. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चालू होते आणि यश येत नव्हतं. वीर्यतपासणीचा रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवला. शुक्राणूंची संख्या शून्य.

पहिलं मूल कोणत्याही उपचाराशिवाय झालेल्या माणसाचे शुक्राणू एकदम शून्यावर आले, की डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, "कुठलं औषध चालू आहे का?" ते म्हणाले, "औषध काही नाही. एका क्लिनिकमध्ये एनर्जीसाठी इंजेक्शन घेतो, दर दोन आठवड्यांनी." मोबाइलवरचा फोटो पाहिला. टेस्टोस्टेरॉन एनन्थेट, २५० मिलिग्रॅम. सात महिने झाले होते.

मी सांगितलं, हे इंजेक्शन आधी थांबवा. त्यावर त्यांनी जे विचारलं, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. "डॉक्टर, अजून पाच हप्ते बाकी आहेत. सोडलं तर पैसे बुडतील ना? तेवढी इंजेक्शनं पूर्ण करून मग थांबवलं तर चालेल?"

पंगतीचे पैसे दिलेत म्हणून पोट बिघडलेलं असतानाही जेवत राहायचं, तसलाच हा प्रकार. पण मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. राग आला तो त्या कराराचा. बारा महिन्यांचं पॅकेज, महिना १४,००० रुपये, म्हणजे १,६८,००० रुपये. "कोणत्याही कारणास्तव परतावा मिळणार नाही." आणि खाली रुग्णाची सही.

आधी हे निदान कसं झालं ते पाहा. फेसबुकवरच्या जाहिरातीत एक प्रश्नावली होती. थकवा येतो का? चिडचिड होते का? जेवणानंतर झोप येते का? (हा शेवटचा प्रश्न पुण्यात विचारायचा म्हणजे कमालच! या हिशोबाने दुपारी एक ते चार अर्धं शहर रुग्ण ठरेल.) असे प्रश्न वैद्यकात आहेत, पण त्यांच्यावरून निदान करता येत नाही, कारण कामाचा ताण, अपुरी झोप, नैराश्य, थायरॉइड, रक्ताची कमतरता या सगळ्यांची उत्तरं तीच येतात. मग क्लिनिकमध्ये दुपारी चार वाजता, जेवण झाल्यावर रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन आलं २८७ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. "सर, तुमची लेव्हल तर सत्तरीतल्या माणसासारखी आहे," असं तिथल्या काउन्सेलरने सांगितलं. काउन्सेलर म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर भेटले ते सही झाल्यावर, चार-पाच मिनिटं.

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभरात उतरतं. तिशी-चाळिशीच्या पुरुषात दुपारी चारचा आकडा सकाळच्या मानाने वीस-पंचवीस टक्क्यांनी कमी असू शकतो. जेवणानंतरही तो खाली येतो. म्हणूनच तपासणी सकाळी, उपाशीपोटी करायची, आणि कमी आली तर वेगळ्या दिवशी पुन्हा करायची, असा नियम आहे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची आणि तिथल्या युरॉलॉजी संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत एकच सांगतात: लक्षणं हवीत आणि सकाळचे दोन कमी आकडेही हवेत. युरॉलॉजीवाले ३०० ही सीमा धरतात. दुपारी जेवून २८७ आलेल्या या माणसाचा सकाळचा आकडा ३०० च्या आरामात वर असण्याचीच शक्यता जास्त. आता ते कळायला मार्ग नाही, कारण बाहेरून औषध चालू असताना मूळ पातळी मोजता येत नाही.

समजा, आकडा खरोखर कमी आहे. तरी पुढचा प्रश्न उरतोच: का कमी आहे? एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन या तपासण्या त्यासाठी असतात. क्वचित पिट्युटरी ग्रंथीची गाठ सापडते. जास्त वेळा सापडतो तो लठ्ठपणा, मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा आजार. आमच्या या गृहस्थांचं वजन ९६ किलो होतं आणि बायकोच्या म्हणण्यानुसार घोरणं शेजारच्या खोलीत ऐकू जायचं. या दोन्ही गोष्टी कुणी विचारल्या नव्हत्या. कशाला विचारतील? वजन कमी झालं की टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा आपोआप सुधारतं, आणि त्याचं वार्षिक पॅकेज विकता येत नाही.

टेस्टोस्टेरॉन हे वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. जन्मजात क्लाइनफेल्टर सिंड्रोम, वृषणांना झालेली इजा, पिट्युटरीचा आजार यांत ते आयुष्य बदलून टाकतं, आणि मी ते बिनदिक्कत लिहून देतो. पण नुसत्या थकव्यासाठी? ६५ वर्षांवरच्या, टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेल्या पुरुषांवर अमेरिकेत झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. कामेच्छेत माफक सुधारणा दिसली, पण उत्साह आणि दमणूक यांत ठोस फरक दिसला नाही. २०२३ च्या ट्रॅव्हर्स या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, हे दिलासादायकच. पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त होतं. क्लिनिकच्या माहितीपत्रकात यातलं पहिलं वाक्य असतं, दुसरं नसतं.

मूल हवं असणाऱ्या पुरुषाला तर हे औषध देऊच नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू समजतो, पुरेसं आहे. पिट्युटरीकडून वृषणांना जाणारे संदेश थांबतात आणि शुक्राणू तयार होणं बंद पडतं. याच गुणामुळे जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट देऊन पाहिलं होतं, आणि १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बहुसंख्य पुरुषांचे शुक्राणू शून्यावर गेले होते. हे सगळं जुनं, माहीत असलेलं ज्ञान आहे. अठरा पानी करारात "तुम्हाला मूल हवं आहे का?" हा एक प्रश्न बसला नाही. दंडाची कलमं मात्र बसली.

आता पैशांकडे वळू. एका अँपूलला ४०० रुपये धरा. वर्षाला २६ इंजेक्शनं म्हणजे १०,४०० रुपये. दर तीन महिन्यांनी रक्ततपासण्यांचे तीन हजार धरले तर १२,०००. डॉक्टरांच्या पाच भेटींचे ५,०००. सढळ हाताने तीस हजार झाले. उरलेले १,३८,००० कशाचे? "बॉडी कंपोझिशन ॲनालिसिस", जीवनसत्त्वांची सलाइन, डाएट चार्ट आणि अर्थातच जाहिरातीचा खर्च. एवढ्या तपासण्यांत हिमॅटोक्रिट एकदाच पाहिलेलं. ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवायचं असतं, कारण रक्त दाट होतं. मी पाहिलं तेव्हा यांचं ५५ होतं.

या पॅकेजची खरी मेख मात्र पुढे आहे. सहा-आठ महिन्यांनी इंजेक्शन अचानक बंद केलं की शरीराची स्वतःची निर्मिती झोपलेली असते. काही आठवडे, कधी काही महिने माणूस गळून जातो. तेव्हा तो क्लिनिकला फोन करतो आणि ते म्हणतात, "बघा, तुम्हाला गरज होतीच." दुसऱ्या वर्षाची सही अशी होते. हे मूळ आजाराचं लक्षण नसून औषधाने आणलेली उणीव आहे, एवढं लक्षात ठेवा.

तुमची सही आधीच झालेली असेल, तर घाबरू नका. करार पैशांचा असतो. इंजेक्शन घेण्याची संमती तुम्ही कोणत्याही क्षणी मागे घेऊ शकता, कुठलंही कलम तुमच्या दंडात सुई टोचायला भाग पाडू शकत नाही. औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो एंडोक्रिनोलॉजिस्टना भेटून ठरवा. गरज असेलच तर तेच औषध ते साध्या चिठ्ठीवर देतील.

मग क्लिनिकला लेखी कळवा, ईमेल करा, फोनवर भांडू नका. अमुक तारखेपासून सेवा थांबवत आहे, आतापर्यंत दिलेल्या सेवांचा बाबवार हिशोब द्या, उरलेली रक्कम परत करा आणि माझी सर्व कागदपत्रं द्या. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. निदान कशावर केलं हे त्यातच दिसतं, म्हणून ती मागणी सोडू नका.

"परतावा नाही" हे छापलं म्हणजे ब्रह्मवाक्य झालं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "अनुचित करार" अशी स्वतंत्र व्याख्या आहे, आणि झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणं त्यात येतं. अशा कराराविरुद्धची तक्रार राज्य आयोगाकडे जाते. सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सुरुवात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनपासून करा. आणि एक गंमत. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्याने बंदी आहे. त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

"नो कॉस्ट ईएमआय" घेतलं असेल तर ते कर्ज आहे, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने क्लिनिकला पैसे कधीच चुकते केलेले असतात. म्हणून रागाच्या भरात हप्ते थांबवू नका, तुमचा सिबिल स्कोअर खराब होईल. त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सही कालपरवाच झाली असेल तर आजच कागद काढा. डिजिटल कर्जात दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुदत द्यावीच लागते, पण ती एका दिवसाचीही असू शकते.

आमच्या गृहस्थांनी पत्र पाठवलं. पहिलं उत्तर "पॉलिसीत बसत नाही" असं आलं. वकिलाची नोटीस गेल्यावर ५२,००० रुपये परत आले. झोपेची तपासणी झाली, आता ते रात्री मशीन लावून झोपतात. वजन ८९ वर आलं आहे. इंजेक्शन थांबवून आठ महिने झाले. शेवटच्या तपासणीत शुक्राणू दिसू लागलेत, मिलिलिटरमागे ४० लाख, म्हणजे अजून बरेच कमी. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.