हिरवे कार्ड मिळाले. पण अमिबाचे काय?

उन्हाळी आवर्तनात सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्याने वसमत तालुक्यात येते. पारा चाळिशीपार असतो आणि हट्ट्यासारख्या गावांतली पोरे कालव्यात, विहिरीत उड्या मारतात. त्यांना कुणी अडवावे, असे माझे म्हणणे नाही. पण त्या पाण्यात काय आहे, हे कुणीतरी बघायला हवे.

‘नेग्लेरिया फाउलेरी’ हा अमिबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो, अगदी 46 अंशांपर्यंत. असे पाणी पिल्याने हा आजार होत नाही. ते जोरात नाकात गेले, तर अमिबा थेट मेंदू गाठतो. डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठणे आणि काही दिवसांत मृत्यू. जगभरात शंभरातले 97 रुग्ण दगावले आहेत. केरळात मात्र जुलै 2024 मध्ये कोझिकोड जिल्ह्यातला 14 वर्षांचा मुलगा वाचला, कारण निदान लवकर झाले. ऑगस्ट 2025 अखेर त्या राज्याने विहिरींच्या क्लोरिनेशनची मोहीमच काढली.

आपल्याकडे काय तपासतात? जलसुरक्षक टीसीएल टाकतो, ओटी टेस्ट घेतो, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि वर्षातून दोनदा ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. व्यवस्था चांगली आहे. पण नमुन्यात शोधतात ते जिवाणू, अमिबा नाही. (आणि ओटी टेस्ट टाकीजवळच्या नळावर घेतली की पिवळा रंग छानच येतो!)

गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट. आपल्या ओळखीचा अमिबा म्हणजे आमांशाचा, ‘एंटअमिबा हिस्टोलिटिका’. तो मैलामिश्रित पाण्यातून पोटात जातो आणि त्याचे कवच नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. त्याला पाणी उकळणे हाच खात्रीचा उपाय. नेग्लेरिया उलट: क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत टिकला तर तो मरतो. ऑस्ट्रेलियात 1965 मध्ये या आजाराची पहिली नोंद झाली. तिथे शेकडो किलोमीटर उघड्यावरून जाणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या जलवाहिन्या होत्या. त्यांनी पाण्याचे तापमान, उरलेला क्लोरीन आणि अमिबा यांची नियमित तपासणी सुरू केली. गच्चीवरच्या आपल्या काळ्या टाक्या आठवा.

गावोगावी महागडी यंत्रे नकोत. मार्च ते जून जलसुरक्षकाच्या वहीत दोन रकाने वाढवा: पाण्याचे तापमान आणि शेवटच्या घरातला क्लोरीन. कालव्यात क्लोरीन टाकता येत नाही. तिथे नाक चिमटीत धरून उडी मारा, असा फलक तरी लावा. मराठवाड्यासाठी अमिबा तपासणारी एक प्रयोगशाळा हवी. तापलेल्या पाण्याचे नमुने तिथे पाठवता येतील. आणि पोहून आल्यावर काही दिवसांत मुलाला ताप व असह्य डोकेदुखी झाली, तर ‘पोहायला गेला होता’ हे डॉक्टरांना तुम्हीच आधी सांगा. बहुतेकदा ते विचारले जात नाही.