मोठा जुना स्पीकर घेताय? आधी एवढं बघा

हळदीची पट्टी हातात पडली की हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या घरांत एखादी हौसेची वस्तू यायची असते. कुणाला जुन्या गाण्यांसाठी मोठ्या पेट्यांची जोडी हवी असते. कुणाच्या भजनी मंडळाला भोंगे हवे असतात. नवं परवडत नाही, म्हणून जुनं शोधलं जातं.

जुनं घेण्यात कमीपणा काही नाही. चांगली जुनी पेटी पुढची वीस वर्षंही वाजते. पण ती स्वस्त पडली की महाग, हे घरी येऊन वाजल्यावर कळतं. भाडं, हमाली आणि दुरुस्ती धरून हिशोब करा.

आधी काम ठरवा. भजन-कीर्तनाला शब्द स्पष्ट ऐकू यायला हवा. नर्सी नामदेवच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको. देवळासमोरच्या पटांगणाला भोंगा पुरतो. घरात गाणी ऐकायची तर लाकडी पेटी बरी. लग्नाच्या वरातीतला बेस घराच्या खोलीत आणलात, तर पत्रे थरथरतील आणि गाण्याचे शब्द मात्र कळणार नाहीत.

बंद पडलेल्या टॉकीजचे स्पीकरही कधी विकायला निघतात. दिसायला भारदस्त असतात. पण फार जुन्या सिनेमाच्या काही स्पीकरांत कायमचं चुंबक नसतं. त्यांच्या चुंबकाला वेगळी वीज पुरवावी लागते. ती सोय सोबत मिळत नसेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

मग जागा मोजा. घराचं दार, जिना आणि ठेवायचा कोपरा टेपनं मोजून कागदावर लिहा. पंधरा इंची स्पीकरची पेटी कमरेइतकी उंच असू शकते. एकट्यानं उचलायची ती वस्तूच नव्हे. ओल धरलेल्या भिंतीला लागून किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ती ठेवायची असेल, तर घेऊच नका. ओल लाकूड फुगवते आणि उंदीर स्पीकरचा कागदी कोन कुरतडतात.

बघायला दिवसा जा. पहिल्या फेरीला टेम्पो नेऊ नका. टेम्पो दारात उभा असला की भाडं वाया जाईल या भीतीनं माणूस नको ती वस्तूही घेतो. एसटीनं किंवा मोटारसायकलवर जा. स्पीकर दुरुस्त करणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याला चहापाणी करून सोबत न्या.

बैल घेताना तुम्ही दात बघता, चालवून बघता. इथंही तसंच करायचं.

पेटी मागून आणि खालून बघा. बारीक भुसा पडतोय का? वाळवीचे मातीचे पापुद्रे आहेत का? कोपरे फुगलेत का? आत कुबट वास येतो का? फळ्यांचा भुसा-बोर्ड एकदा पाण्यानं फुगला की पुन्हा सरळ होत नाही.

पुढची जाळी काढायला सांगा. मालक काढू देत नसेल, तर नमस्कार करून उठा. जाळीमागे कागदी कोन असतो. तो फाटलाय का, डिंकानं चिकटवलाय का ते बघा. कोनाच्या कडेला गोल पट्टी असते. ती फोमची असेल, तर हलकं बोट लावा. जुना फोम वापरला नाही तरी पंधरा-वीस वर्षांत पिठासारखा झडतो. रबराची किंवा कापडाची पट्टी जास्त टिकते.

आता दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवा. अगदी हळू, सारखा दाब देऊन आत ढकला. कोन मऊपणे आत-बाहेर झाला पाहिजे. खर्रखर्र आवाज आला, तर आतली कॉइल घासतेय. कोन हललाच नाही, तर ती अडकलीय.

सोबत मल्टिमीटर आणि भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल ठेवा. स्पीकरच्या वायरी सोडवून मीटर लावा. 8 ओहमच्या स्पीकरला साधारण 6 ते 7 आकडा दिसतो. 4 ओहमच्याला 3 ते 3.5. भोंग्याच्या 16 ओहमच्या युनिटला 11 ते 13. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल जळालेली किंवा तार तुटलेली असते. मोठ्या स्पीकरला सेल क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज यायला हवा.

वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. 'घरी नेऊन जोडा, चालेल' हे उत्तर धरू नका. तुम्हाला पाठ असलेलं गाणं मोबाईलवर सोबत न्या. माणसाचा आवाज असलेलं न्या, कारण बिघाड त्यात लवकर ऐकू येतो.

एका वेळी एकच पेटी वाजवा. आधी हळू आवाजात ऐका, मग वाढवा. झांजेचा, टाळाचा बारीक आवाज येतो का? येत नसेल, तर ट्विटर गेलेला असतो किंवा आतला कंडेन्सर सुकलेला असतो. ढोलकीच्या थापेला फडफड होते का? अर्धा तास तरी बसा. काही दोष गरम झाल्यावरच उघडे पडतात.

गणपती, नवरात्र आणि हिंगोलीचा दसरा उरकेपर्यंत साऊंडवाल्याच्या पेट्या रात्रंदिवस राबतात. त्यानंतर लगेच विकायला निघालेला सेट दुप्पट बारकाईनं तपासा.

कोणता दोष चालेल? कडेची पट्टी, कंडेन्सर, वायरी, भोंग्याच्या युनिटमधला डायफ्रॅम, हे बदलता येतं. अहुजा ही दिल्लीची कंपनी 1940 पासून या धंद्यात आहे. तिच्या भोंग्यांची कामं करणारे कारागीर बऱ्याच गावांत भेटतात. अनोळखी परदेशी नावाच्या स्पीकरचं तसं नसतं. घेण्याआधीच नांदेडच्या किंवा तुमच्या जवळच्या कारागिराला फोन करून विचारा, की याचा कोन, याची कॉइल मिळेल का. मिळणार नसेल, तर तो स्पीकर बिघडला की टेबल म्हणूनच उरतो.

वाळवी लागलेली पेटी, सरकलेलं मॅग्नेट आणि जोडीतला एकच स्पीकर भलत्याच कंपनीचा, यातलं काहीही दिसलं की मागे फिरा.

पैसे जपून द्या. फोटो बघून आगाऊ रक्कम पाठवू नका. 'मी लष्करात आहे, बदली झाली, सामान गाडीत भरलंय' असं सांगून लुबाडणारे बरेच आहेत. वस्तू डोळ्यांनी बघा, मग द्या. साध्या कागदावर पावती घ्या. त्यावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, सही, तारीख आणि पेटीमागचा नंबर लिहा. देवळातून किंवा शाळेतून चोरलेला माल निघाला, तर पोलीस तो तुमच्या घरातून नेतील. तेव्हा हाच कागद उपयोगी पडेल.

आणताना घाई नको. पावसाळ्यात आणणं टाळा. आणावंच लागलं तर ताडपत्री न्या, कारण कागदी कोन ओल धरतो. छोटा हत्ती किंवा पिकअप पुरतो. मोटारसायकलवर मांडीत धरून मोठी पेटी आणू नका. खड्ड्यात पेटीही जाते आणि माणूसही.

पेटीला दोन माणसं लावा. गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा आणि मग उचला. जाळीला किंवा कोनाच्या भोकाला धरू नका. पेटी आपटू नका. जोरात आपटली तर आतलं मॅग्नेट सरकतं आणि कॉइल कायमची अडकते.

गाडीत खाली जुनी वाकळ अंथरा. पेटी उभी ठेवा. एकीचं तोंड दुसरीच्या तोंडाकडे ठेवा आणि मध्ये जाड पुठ्ठा घाला. म्हणजे कुणाचा कोपरा कुणाच्या कोनात घुसणार नाही. बांधायला जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या चांगल्या. त्या घट्ट धरतात आणि लाकडाला व्रण पाडत नाहीत. भोंगा आणि युनिट वेगळे करून आणा. पेट्यांवर पोती ठेवू देऊ नका, माणूसही बसवू नका. ड्रायव्हरला सांगा, भाडं थोडं जास्त घे, पण सावकाश चल.

घरी जोडताना जपून. भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमागे 4, 8, 16 ओहम आणि 70 किंवा 100 व्होल्ट असे वेगळे स्क्रू असतात. घरगुती पेटी 100 व्होल्टच्या स्क्रूला जोडलीत, तर ती जळते. कळत नसेल तर जाणकाराला बोलवा.

आपल्याकडे वीज कमी-जास्त होते. जुन्या ॲम्प्लिफायरची वायर आधी बदलून घ्या. तीन पिनचा प्लग आणि नीट अर्थिंग करा. ओल्या हातानं किंवा ओल्या जमिनीवर उभं राहून जोडणी करू नका. जोडताना मशीन बंद ठेवा. पहिले काही दिवस आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका.

पेटी भिंतीपासून वीतभर लांब आणि विटांवर किंवा पाटावर ठेवा. वापरात नसेल तेव्हा कापडानं झाका. प्लास्टिक नको, आत घाम धरतो.

शेजाऱ्याचाही विचार करा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सणासुदीला काही दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकतं. एरवीही परवानगी लागते. वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा आणि कोर्टाभोवतीचे 100 मीटर शांततेचे असतात. कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्यात आठवडाभर आधीच अर्ज द्या. ऐनवेळी मशीन जप्त झालं, तर मंडळाची वर्गणी कोर्टाच्या चकरांत जाते.

आणि शेजारी बाळंतीण, आजारी माणूस किंवा बारावीचं पोर असेल, तर आधी त्यांच्या दारात जाऊन विचारा. त्यांनी हो म्हटलं, की मग खुशाल वाजवा.