दूरचा वैद्य आणि जवळचा माणूस

विज्ञानाने अंतर जिंकले, हे वाक्य आपण वक्तृत्वस्पर्धांतून नेहमी ऐकतो. वैद्यकाच्या क्षेत्रात तर त्याचा प्रत्ययही आला आहे. मार्च २०२० मध्ये भारत सरकारने दूरवैद्यकाचे नियम घालून दिले, आणि एप्रिलपासून ‘ई-संजीवनी’ सेवेद्वारे घरबसल्या डॉक्टरांचा विनामूल्य सल्ला मिळू लागला. मधुमेहासारख्या जन्माच्या सोबत्याच्या बाबतीत हे वरदानच होय. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे देशात सुमारे दहा कोटी मधुमेही आहेत. इतक्या लोकांनी दर खेपेस रुग्णालयाच्या रांगेत तिष्ठत राहावे, हे इष्टही नाही आणि शक्यही नाही.

मग हे वरदान घरोघरी का पोचत नाही? ‘म्हाताऱ्या माणसांना यंत्र कळत नाही,’ असे म्हणून पुष्कळजण मोकळे होतात. आम्हांस हे उत्तर मान्य नाही.

आमच्या नामपल्लीतील मराठी घरेच पाहा. आजी घरात मराठी बोलते, बाजारात दखनी बोलते. फोनवरची अक्षरे मात्र बहुधा इंग्रजी असतात. चांगला फोन घरात एकच, आणि तो सकाळीच कमावत्या माणसाबरोबर बाहेर पडतो. त्यातच या रोगाची रीत अशी की, तो हळूहळू डोळ्यांचे तेज हिरावून घेतो आणि पायांची संवेदना बोथट करतो. पडद्यावरचे बारीक आकडे वाचावयास दृष्टी हवी, तीच मंद झालेली! तळपायाला जखम झाली तरी ती दुखत नाही. जी दुखत नाही ती सांगावयाची कशी? डॉक्टरांनी पाऊल हाती घेऊन पाहिले, तरच ती कळणार. रक्तही फोनवरून तपासता येत नाही.

यावर ‘नातू आहे की मदतीला!’ असे कोणी म्हणेल. मदत करणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु काही दुखणी नातवासमोर बोलून दाखविण्यास आजीला संकोच वाटतो, याचाही विचार व्हावयास हवा.

म्हणून आमचे मत असे की, दूरच्या वैद्याला जवळच्या जाणत्या माणसाची जोड हवी. ई-संजीवनीचाच दुसरा प्रकार नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात रुग्ण जवळच्या आरोग्यकेंद्रात जातो आणि तेथील कर्मचारी दूरच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतो. हैद्राबादेत २०१८ पासून बस्ती दवाखाने निघाले आहेत. अशा प्रत्येक ठिकाणी आठवड्यातील एक वेळ मधुमेही वृद्धांसाठी राखून ठेवावी. साखर व रक्तदाब मोजावा, पावले पाहावीत, आणि मग त्यांना समजेल अशा भाषेत डॉक्टरांशी बोलणे घडवून आणावे. यास मोठा खर्च लागेल असे आम्हांस वाटत नाही. लागेल ती आस्था.

विद्यार्थीमित्रहो, तोवर आपणही स्वस्थ बसू नये. घरातील वडीलधाऱ्यांच्या साखरेचे आकडे तारीखवार वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, त्यांची पावले रोज उजेडात पाहावीत, आणि फोन जोडून दिल्यावर क्षणभर बाहेर जाऊन उभे राहावे.