गाडीतून ‘गेट डाउन’ की ‘गेट ऑफ’?

अकोल्याची माझी एक मैत्रीण. माहेर अमरावतीचं. मुंबई-नागपूर मार्गावरच्या पुष्कळ गाड्या अमरावतीला जात नाहीत, म्हणून बडनेऱ्याला उतरायचं, हे आपल्याला काही नवीन नाही. मूर्तिजापूर मागे पडलं आणि समोरच्या परप्रांतीय बाईंनी इंग्रजीत विचारलं, कुठं उतरणार? ही म्हणाली, ‘आय विल गेट डाउन ॲट बडनेरा.’ लगेच सातवीतलं चिरंजीव ओरडलं, ‘मम्मी, गेट डाउन नाही, गेट ऑफ!’ डबा हसला. हिचा चेहरा जो उतरला, तो बडनेरा येईस्तोवर खिडकीबाहेरच.

मला म्हणाली, “तवापासून इंग्रजी बोलतच नाही मी. काहून हसू करून घ्यावं वं?”

अगं, पण तुझं चुकलं कुठं? आपल्या मराठीत गाडीतून उतरतात, जिन्यावरून उतरतात, ताप उतरतो, चेहराही उतरतो. एकच क्रियापद सगळीकडे. उतरणं म्हणजे खाली येणं, म्हणून ‘डाउन’. आपणच नव्हे, भारतभर लोक असंच बोलतात आणि समोरच्याला ते बरोब्बर कळतं. मात्र इंग्लंड-अमेरिकेत लेकीकडे गेलात, तर आगगाडी, बस, विमान यांना ‘गेट ऑफ’च म्हणा. सायकल नि स्कूटरलाही तेच. ‘गेट डाउन’ तिकडे झाडावरून, शिडीवरून उतरताना म्हणतात. आणि कोणी नुसतंच ‘गेट डाउन!’ ओरडलं, तर उतरायचं नसतं बरं का, पटकन खाली वाकायचं असतं!

त्याचा आणखी एक अर्थ आहे. एखादी गोष्ट ‘गेट्स मी डाउन’ म्हणजे तिनं माझं मन खट्टू होतं. त्या दिवशी डब्यात झालं ते हेच.

राहिली मोटार. तिच्यात आपण आत शिरून बसतो, म्हणून बाहेर पडताना ‘गेट आउट ऑफ द कार’. यातलं ‘गेट आउट’ ऐकून रागावू नका. नुसतं म्हटलं तरच ते ‘चालता हो’ होतं.

तेव्हा पुढच्या खेपेला बडनेऱ्याला मामा मोटार घेऊन आला, की अमरावतीत घरापाशी पोचल्यावर चिरंजीवांनाच विचारा, ‘आता उतरायला काय म्हणशील रे?’ बहुतेक तो ‘गेट ऑफ’ म्हणेल. मग सांगा त्याला. पण चारचौघांत नको, घरात गेल्यावर.